भिकूच्या मानेवरची गाठ

९ जुलै १९८४

आज तो आला. कोण येणार हे मला माहीत नव्हतं. पण कधीतरी असा कोणी येईल आणि तेव्हा मी इथे असेन, एवढ्यासाठीच मी महाडला डॉ. कोंझरकरांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी धरली. त्याला एक वर्ष होऊन गेलं.

नाव भिकू. वय चोवीस. रंगाच्या कारखान्यात पिंपं हलवतो, बिरवाडीला बहिणीच्या खोलीवर राहतो. मूळ वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडावर, सुपारीएवढी गाठ. रक्त काढताना त्याने सुईकडे बघायचं टाळण्यासाठी मान फिरवली, म्हणून मला ती नीट दिसली. लाल नाही, गरम नाही. टीबीच्या गाठी एकमेकींना चिकटतात, मऊ पडून फुटतात. ही सुटी होती, रबरासारखी. त्याने स्वतःच बोटाने हलवून दाखवली.

"म्याडम, ही बगा कशी पळते. दुखत नाय का काय नाय. ही आमची ठकूताय रडायला बसलीय उगाच."

"रडतंय कोण?" बहीण म्हणाली. "याच्या लग्नाचं बगायचं हाय गो बाय. मानेवर लिंबू घेऊन कोण पोरगी देईल याला?"

छातीचा फोटो स्वच्छ. ताप नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: टीबीची गाठ. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, आयसोनियाझिडच्या गोळ्या, आणि सूज लवकर उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन.

सोमालाही हीच चिठ्ठी होती.

मी रिपोर्ट केला, सही केली. काही बोलले नाही.

१० जुलै

सोमाबद्दल एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

सोमा माझा धाकटा भाऊ. त्याच्या मानेवर गाठ आली तेव्हा मी इथल्याच कॉलेजात होते. कोंझरकरांनी टीबी ठरवला. दोन महिन्यांत गाठ बसली, गाल भरले, आई आळीभर सांगत फिरली की पोराने तब्येत धरली. प्रेडनिसोलोनने तोंड सुजतं आणि लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची, गाठ काही काळ विरघळते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. पुढे गाठी परत आल्या, तेव्हा वडिलांनी विचारलं, मुंबईला नेऊ का. डॉक्टर म्हणाले, "काशीराम मास्तर, तुमच्यात जरा शिकलं की प्रत्येकाला मुंबईचाच डॉक्टर लागतो." वडील चाळीस पोरांना ओरडून शिकवणारे, तिथे गप्प बसले. नेलं तेव्हा रोग यकृतात आणि हाडांच्या मगजात पोचला होता. सोमा एकविसावं पुरं न करता गेला.

मी परळला जाऊन लॅबचा डिप्लोमा केला. तिथल्या पॅथॉलॉजीच्या बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आठवणीवर तक्रार उभी राहत नाही. कागद हवेत. काचपट्ट्या हव्यात." सोमाचे कागद दवाखान्याच्या खालच्या कपाटात होते आणि सावित्री नदीच्या पुरात त्यांचा लगदा झाला.

इथे मुलाखतीला आले तेव्हा डॉक्टरांनी घरचं विचारलं. मी म्हटलं, एक भाऊ होता, तुमच्याकडेच औषध घ्यायचा. "मग ठणठणीत झाला असेल," ते म्हणाले आणि हसले. 'होता' हा शब्द त्यांच्या कानावर पडलाच नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला एकदा तरी ऐकायला लावीन. वैद्यक परिषदेसमोर, सहीशिक्क्यानिशी.

१४ जुलै

या रोगात पुढे काय होणार, हे नशिबावर नसतं. बाई शिकवायच्या: रोग शरीरात कुठवर पसरला, ही पहिली गोष्ट. मानेत एकाच बाजूला असला तर पहिली पायरी; दोन्ही बाजूंना असला तर दुसरी; छाती-पोटामधल्या पडद्याखाली उतरला तर तिसरी; यकृतात, मगजात गेला तर चौथी. मग ताप, रात्रीचा घाम आणि उतरणारं वजन. हे तिन्ही नसले तर पायरीपुढे 'अ' लिहायचा, एक जरी असलं तर 'ब'. तरुण माणूस म्हाताऱ्यापेक्षा जास्त टिकतो. बाई पुरुषापेक्षा थोडी जास्त. हिमोग्लोबिन उतरलं, लिम्फोसाइट पेशी घटल्या, ईएसआर चढला, की दर वेळी माणूस एकेक पाऊल मागे सरकतो.

ईएसआर मी करते. उभ्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते बघायचं. भिकूचा अठ्ठावीस आला. हिमोग्लोबिन तेरा. एकच जागा, तरुण, ताप नाही. हा लिम्फोमाच असेल, आणि माझी खात्री आहे, तर आज त्याच्यासारखे शंभर मुंबईला नेले तर ऐंशीहून जास्त घरी परततील.

मी त्याच्या रक्ताच्या काचपट्ट्या वेगळ्या डबीत ठेवल्या आहेत. सुरुवात इतकी स्वच्छ मिळेल असं वाटलं नव्हतं.

११ ऑगस्ट

गाठ बसली. हाताला लागतसुद्धा नाही. गाल सुजून गोल झालेत. ठकूबाई नवऱ्याच्या छत्रीत तवशी घेऊन आली, हातभर लांबीच्या काकड्या. एक डॉक्टरांना, एक मला.

"बगा गो बाय, कसा टम्म झालाय. आमच्या वाडीत म्हनतात, महाडचं पानी लागलं."

"पाणी नाय, डाक्तरचं बिस्कूट," भिकू म्हणाला. गोळ्यांना तो बिस्कूट म्हणतो. "म्याडम, माजं रगत तुमी एवढं काडता, ते इकता काय कुटं?"

मी म्हटलं, हो, ढेकणांना.

तो इतका हसला की सुई हलली. मी त्याला असं बोलायला नको होतं. रोग्याशी बोलायची मला सवय नाही.

डॉक्टर बाहेर येऊन त्याची मान चाचपून म्हणाले, "पाहिलंस मंजुळा? निम्मं निदान औषधच करतं." ते त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. गरिबांकडून घेत नाहीतच; याबद्दल गावात त्यांचं नाव आहे. सोमाकडूनही घेतले नव्हते. आईला अजून त्याचं ओझं वाटतं. मला वाटतं, फुकट दिलं म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही, हा त्यातला खरा नफा.

२५ ऑगस्ट

आज एक काम हुशारीने केलं.

तक्रारीत विचारतील: तुला शंका होती, तर तू डॉक्टरांना सांगितलंस का? म्हणून सांगणं भाग होतं. दुपारची वेळ निवडली, बाहेर पन्नास माणसं, डॉक्टरांचं जेवण राहिलेलं. कंपाउंडर कुशाबा शेजारी पुड्या बांधत होता; साक्षीला तो हवा होता. मी दारातून म्हटलं, "सर, त्या भिकूची गाठ काढून तपासायला पाठवली असती तर?"

"कुठली गाठ? आता आहे कुठे गाठ?"

"पुन्हा आली तर, म्हणते."

"पुन्हा आली तर पुन्हा बसवू. अगं, या तालुक्यात शंभर गाठींतल्या नव्वद टीबीच्या. तू तुझ्या नळ्या सांभाळ."

बस. एवढंच हवं होतं. मी आवाज असा ठेवला होता की कोणीही नाहीच म्हटलं असतं.

डॉक्टर जेवायला गेल्यावर कुशाबा म्हणाला, "मंजुळाबाई, विचारलंत की विचारल्यासारखं केलंत?"

"म्हणजे?"

"काय नाय. मी आपला पुड्या बांधणारा मानूस." त्याने दोरा दाताने तोडला. "तुमचा सोमा मला काका म्हनायचा."

 आजची तारीख त्याच्या लक्षात राहील एवढं मी पाहिलं.

२२ सप्टेंबर

प्रेडनिसोलोन बंद केलं. ईएसआर चाळीस. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा घडी करून त्यावर कोणाचा तरी पत्ता लिहून घेतला. मी दुसरी प्रत करून ठेवली.

१३ ऑक्टोबर

गाठ परत आली. डावीकडे दोन, उजवीकडे एक. म्हणजे दुसरी पायरी. अजून 'अ'.

ठकूबाईला मान बघायला फुरसत नव्हती. ती सोयरीक जमवून आलीय. पोलादपूरच्या अलीकडच्या एका वाडीतली मुलगी. श्रावणात मुलीचा बाप येऊन भिकूला बघून गेला, तेव्हा त्याचे गाल गोल होते. "म्हनाला, जावाय भरलेला हाय. भात खानारा दिसतोय." बारा डिसेंबरला लग्न.

भिकू म्हणाला, "म्याडम, लग्नाला या. तुमाला नवरीचं रगत काडायला देतो."

मी त्याच्या काखेत हात घातला नाही, कारण ते माझं काम नाही. पण त्याने बाही वर केली तेव्हा तिथेही एक होती.

डॉक्टरांनी पुन्हा प्रेडनिसोलोन सुरू केलं. सोमाच्या वेळीही याच टप्प्यावर पुन्हा सुरू केलं होतं. मी हे सगळं पूर्वी एकदा पाहिलेलं आहे, फक्त तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

३ नोव्हेंबर

पंतप्रधानांच्या हत्येनंतरच्या बंदमुळे एस.टी. नाही. दवाखाना अर्धा रिकामा. तरी ही दोघं बिरवाडीहून चालत आली.

ठकूबाई डॉक्टरांपाशी जे बोलत नाही ते माझ्यापाशी बोलते. बाकावर बसून हळू आवाजात म्हणाली, "रातीचा घामान नुसता भिजतो गो. गोधडी पिळावी लागते. थंडीचं दिस, आन याला घाम. कुनाची नजर लागली असंल का?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. डाक्तरला सांगू?"

"सांगा," मी म्हटलं.

तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, टीबीत घाम येतोच.

वजन उतरलं आहे. ईएसआर बहात्तर, हिमोग्लोबिन साडेदहा. आज त्याच्या पायरीपुढचा 'अ' गेला. बाईंच्या वर्गात हे अक्षर बदलायला खडूचा एक फटकारा पुरायचा.

रिपोर्टवर आकडा लिहिताना दोनदा चुकले. सकाळी चहा घेतला नव्हता म्हणून असेल.

१० नोव्हेंबर

आईने जेवताना विचारलं, "तुझं काय चाललंय गं? झोपेत आकडे बोलतेस."

मी म्हटलं, काम वाढलं आहे.

"सोमाच्या वेळी तू अशीच गप्प असायचीस," ती म्हणाली. मला या दोन गोष्टींचा संबंध कळला नाही.

आता माझ्याकडे पाच महिन्यांचे रिपोर्ट आहेत, काचपट्ट्या आहेत, साक्षीदार आहे. सहा डिसेंबरला आई-वडील चैत्यभूमीला जातील, त्यांच्याबरोबर मीही जाईन आणि तिथून परळला. बाईंना दाखवीन. त्या एक पत्र देतील तर तक्रार पक्की होईल. मग भिकूलाही नेता येईल. हा क्रम बरोबर आहे. आधी नेलं तर कोंझरकर म्हणतील, मीच पाठवणार होतो.

७ डिसेंबर

काल परळला गेले. नीट लिहायला हवं.

बाईंनी डबी उघडली, दोन काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, मग रिपोर्ट ओळीने लावले. मी सांगत होते: बघा, इथे प्रेडनिसोलोन, इथे गाठ बसली, इथे औषध बंद, इथे पुन्हा. सोमाचंही हेच. त्या मला मध्ये अडवत नव्हत्या. मला वाटलं, पटतंय.

"गाठ तपासल्याशिवाय नाव देणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझा संशय बरोबर वाटतो. पेशंट कुठे आहे?"

"महाडला."

"कोणत्या वॉर्डात?"

"वॉर्डात नाही. घरी. बुधवारी त्याचं लग्न आहे."

बाईंनी चष्मा काढला. "तू काचा घेऊन आलीस आणि माणूस तिथे ठेवून आलीस?"

मी म्हटलं, पुरावा अर्धा राहिला असता.

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवले. "खाली सही कोणाची आहे? या. या. आणि या. तुझ्या डॉक्टरांना काय दिसलं ते मला माहीत नाही. तुला काय दिसलं ते इथे महिन्यावार लिहिलेलं आहे. परिषदेत हे मांडलंस तर पहिला प्रश्न त्यांना विचारणार नाहीत."

मी म्हटलं, मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. साक्षीदार आहे.

"कोणाला सांगितलंस? ज्याला कळत नाही हे तुला ठाऊक होतं, त्याला. पेशंटला सांगितलंस?"

आई बाहेर फुटपाथवर थांबली होती. गर्दीत चालून तिचे पाय सुजले होते. येताना गाडीत ती सोमाचं काहीतरी बोलत होती, मी ऐकलं नाही. बाईंचं वय झालं आहे, त्या कोणाशी भांडण नको म्हणतात, असं मी पनवेलपर्यंत स्वतःला सांगत होते. पनवेलनंतर ते पुढे जाईना.

९ डिसेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने पोलादपूर, तिथून वाडीपर्यंत चढ. कोणाला विचारावं लागलं नाही. मांडवाचे डहाळे घेऊन माणसं वर चालली होती.

ठकूबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि ओरडली, "अरे भिक्या, तुजी रगतवाली आली रे लग्नाला." बायका हसल्या. मी महाडची कोण, कुठल्या आळीतली, हे तिला आता माहीत आहे. माझ्या आईची ओळख तिने केव्हाच काढली होती. पाणी वरून ओतलं नाही. तांब्या हातात दिला.

भिकू घोंगडीवर बसला होता. चेहरा पिवळा, गाल तेवढे गोल. "म्याडम, आज रगत नाय हां. आज सुट्टी."

मी दोघांना घरात बोलावलं आणि सांगितलं. हा बहुतेक टीबी नाही. गाठ काढून तपासावी लागेल, मुंबईला, याच आठवड्यात. औषधं आहेत, विजेचे शेकही आहेत, त्याने माणसं बरी होतात. लग्न आत्ता नको.

भिकूने विचारलं, "किती बरी व्हतात?"

"अजून तपासलं नाही."

"अंदाज सांगा ना. तुमी आकडेवाल्या."

"निम्मी," मी म्हटलं.

त्याने दोन बोटं वर केली. मग म्हणाला, "म्हंजे मी आन अजून एक. त्यातला एक."

ठकूबाई माझ्याकडे बघत होती. "बाय," ती म्हणाली, "हे तुला कवा कळलं?"

यावर मी वाटेत विचार केला होता. काल मुंबईत कळलं, असं सांगता आलं असतं. त्यात पूर्ण खोटंही नव्हतं.

"जुलैत," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी संशय आला. त्याच आठवड्यात खात्री झाली."

"आन तवा निम्मी व्हती?"

"नाही. तेव्हा पाचांतली चार."

बाहेर कोणीतरी मांडवाची मेढ ठोकत होतं. तिने दारात जाऊन त्याला थांबायला सांगितलं आणि परत आली.

"का नाय बोललीस?"

मी सोमाचं सांगितलं. सगळं. कागद कसे गेले, डॉक्टर कसे हसले, तक्रारीला काय लागतं. मला वाटलं होतं, तिला कळेल. तीही बहीण आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"डाक्तरला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तुला ठावं व्हतं."

तिने चार कपडे पिशवीत कोंबले, भिकूच्या अंगावर घोंगडी टाकली. उतारावर तो दमत होता, तेव्हा मी हात पुढे केला; तिने माझा हात बाजूला केला आणि त्याला स्वतः धरलं. मुलीच्या बापाकडे निरोप घेऊन माणूस गेला. बाप म्हणे एवढंच बोलला, "बरं झालं, हळद लागायच्या आत कळलं."

२१ डिसेंबर

गाठीचा रिपोर्ट आला. हॉजकिन्स लिम्फोमा. पोटातल्या गाठीही वाढलेल्या आहेत. मगज स्वच्छ. तिसरी पायरी, 'ब'.

बाईंनी मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं. "मगज स्वच्छ आहे, वय लहान आहे, या दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या. बाकीच्या नाहीत." आणि थोड्या वेळाने, "जुलैत आणला असतास तर कदाचित नुसत्या शेकांवर भागलं असतं." मला ते माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. तरी बोलल्या.

१४ जानेवारी १९८५

आज डॉक्टर औषध कंपनीच्या माणसाला सांगत होते: "आमच्या लॅबने पकडलं. मुलगी चाणाक्ष आहे. मी तिला म्हटलंच होतं, ही केस साधी वाटत नाही." मग मला हाक मारून, "तिळगूळ घे, मंजुळा."

मी तिळगूळ घेतला. तो नळीच्या स्टँडवर तसाच आहे.

त्यांना खरंच तसं आठवतं. हे मला सगळ्यात जास्त सहन होत नाही. ते खोटं बोलत असते तर पकडता आले असते.

कुशाबाने आतून फक्त खोकला काढला.

२ मार्च

औषधाच्या प्रत्येक डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. कमी भरल्या तर डोस देत नाहीत. महाडच्या सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं, आणि मी तसं निरोपाने कळवलं होतं. तरी ठकूबाई त्याला माझ्याकडेच आणते. मी आज पुन्हा म्हटलं, तिकडे न्या, तुम्हाला रांगही लागणार नाही.

"नाय," ती म्हणाली. "तूच काडायचं. दर खेपेला. तुज्या म्होरं बसवीन मी याला."

भिकूचे केस गेले. शिरा कडक झाल्यात, तीनदा टोचावं लागलं. पूर्वी तो मान फिरवायचा. आता सुईकडेच बघत राहतो. ठकूबाई सुईकडे बघत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघते.

गाठी मात्र हाताला लागत नाहीत, आणि या वेळी ते प्रेडनिसोलोनमुळे आहे की सगळ्या औषधांनी मिळून, हे सहा महिन्यांशिवाय कळणार नाही. प्रेडनिसोलोन या उपचारातही असतं, इतर तीन औषधांबरोबर. मी तिला हे समजावायला लागले तर ती म्हणाली, "जगंल का ते सांग." मी म्हटलं, सांगता येत नाही. "मंग गप ऱ्हा."

१६ मार्च

तक्रार लिहून काढली. चार पानं. डॉ. कोंझरकर, सोमा, भिकू, तारखा, औषधं. बाई म्हणतात तो धोका मी मोजला आहे. माझी नोकरी जाईल, पुढे कोणी लॅबमध्ये उभं करणार नाही. पण त्या हसऱ्या माणसाला एकदा उभं राहून उत्तर द्यावं लागेल. त्यासाठी ही किंमत जास्त नाही. मला त्यांचं वाईट झालेलं हवं आहे, हे मी इथे तरी साफ लिहिते. भिकू वाचला तरी हवं आहे.

आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "यात सोमा चारदा आहे, तो पोरगा दोनदा, आणि तू एकदाही नाहीस."

१९ मार्च

डॉक्टर नाते गावी रोगी बघायला गेले होते. ठकूबाई आणि भिकू आले. पांढऱ्या पेशी तीन हजार दोनशे; डोस मिळेल. भिकू बाकावर पडून राहिला.

मी ठकूबाईला तक्रार दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. म्हटलं, तुमचा अंगठा लागेल. तुमच्या भावाचं ज्याने केलं त्याला शिक्षा होईल.

"माज्या भावाचं कुनी कुनी केलं ते हाय का यात?"

मी म्हटलं, डॉक्टरांचं नाव आहे.

"आदी तुजं लिव. मंग त्याचं."

"माझं नाव साक्षीदार म्हणून—"

"साक्षीदार नाय." तिने आवाज चढवला नाही. "तो आंधळा हाय, त्याला खड्डा दिसला नाय. तू काठावर उबी राहून बगत व्हतीस. तुजं पयलं लिव, तर अंगठा देते. नायतर दोगंबी बसा हितंच, एकमेकांची रगतं तपासत."

बाकावरून भिकू म्हणाला, "ताय, सोड ना."

"तू गप. तुजा राग तू सोड, माजा नाय सुटायचा."

कुशाबा खिडकीत उभा होता. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला.

मी पहिलं पान फाडलं आणि तिच्यासमोर नवं लिहिलं. मी, मंजुळा काशीराम, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दिनांक नऊ जुलैपासून मला संशय होता आणि मी तो रोग्याला सांगितला नाही. त्याच्याखाली डॉ. कोंझरकर. अक्षर चांगलं आलं. तिने बोट ठेवून विचारलं, "हे तुजं? आन हे त्याचं?" मी हो म्हटलं. तिने कुशाबाकडूनही वदवून घेतलं.

मग तिने अंगठा उठवला, दाबून. शाई पुसायला फडकं मागितलं नाही. माझ्या पांढऱ्या कोटाच्या छातीवर अंगठा घासून पुसला, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि भिकूला उठवून बसच्या वाटेला लागली.

कुशाबा म्हणाला, "कोट आत द्या, धुवायला टाकतो."

मी दिला नाही. डॉक्टर साडेपाचला परत आले. कोटाकडे बघून म्हणाले, "हे काय गं?" मी नव्या पानासकट केलेली तक्रारीची दुसरी प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि समोर उभी राहिले, ते वाचेपर्यंत.